धर्माळे साहेबांची चाळीस दिवसांची खिडकी

मनुष्याचं मन जन्मापासून मरणापर्यंत विकसित होत राहतं. भालचंद्र धर्माळे यांनी हे वाक्य आपल्या सेवाकाळात एकोणीस शिक्षक-प्रशिक्षण शिबिरांच्या उद्घाटनात उच्चारलं होतं, आणि त्यातल्या एकाही वेळी त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून बत्तीस वर्षं शाळा तपासल्यावर त्यांचं खाजगी मत असं झालं होतं, की मन साधारण इयत्ता सातवीपर्यंत विकसित होतं आणि त्यानंतर पेन्शनची वाट बघतं.

हे मत त्यांना सदुसष्टाव्या वर्षी बदलावं लागलं. कारण नातू.

मुलगा सौमित्र फिनलंडमधल्या ओउलू नावाच्या गावी नोकरीला. सून आयनो तिथलीच. त्यांचा मुलगा आर्वो दीड वर्षाचा असताना पहिल्यांदा अमरावतीला आला, तेव्हा त्यानं धर्माळ्यांकडे बोट दाखवून "सेता" असं म्हटलं. सेता म्हणजे आजोबा, हे धर्माळ्यांनी स्वतःच ठरवलं आणि सगळ्या कॉलनीला सांगितलं. पुढचे बारा दिवस ते सकाळी फिरायला जाताना भेटेल त्याला, "आमचा आर्वो मला सेता म्हणते बरं का," असं ऐकवत होते. परतीच्या दिवशी विमानतळावर सौमित्रनं खुलासा केला. सेता म्हणजे कुणीही पुरुष. रस्त्यावरचा, बसमधला, दुकानातला. आपण 'ते बघ काका' म्हणतो तसं.

परत येताना बडनेऱ्याजवळ धर्माळे बायकोला म्हणाले, "कुमुद, त्याच्या भाषेत आजोबाला काय म्हणतात ते तरी विचारायचं होतं."

"तुम्हीच विचारा न फोनवर," कुमुदताई म्हणाल्या.

पण फोनवर आर्वो येई, पडद्याकडे बघे आणि पळून जाई. त्याला मराठी येत नव्हतं. ते त्याला नंतर शिकवायचं ठरलं होतं, म्हणजे शिकवायचं नाही असं ठरलं होतं. धर्माळ्यांनी आठ महिने पुस्तकातून फिनिश घोकलं. त्या भाषेत नामाला पंधरा विभक्ती. धर्माळ्यांचा मेंदू सातव्या विभक्तीशी थांबला.

मग २०३८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी नागपूरच्या खिडकी उपचाराची बातमी वाचली.

इथे थोडं विज्ञान सांगणं भाग आहे. तान्ह्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे सगळे ध्वनी वेगवेगळे ऐकू येतात. अमरावतीचं बाळ आणि ओउलूचं बाळ पहिले सहा महिने एकाच कानाचे असतात. मग मेंदू आवराआवरीला लागतो. सुरुवातीच्या वर्षांत त्यानं गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करून ठेवलेल्या असतात. ज्या वापरात येतात त्या राहतात, बाकीच्या छाटल्या जातात. वर्षाच्या आतच बाळाला परक्या भाषांमधले बारीक फरक ऐकू येईनासे होतात. हळूहळू काही विशिष्ट पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते. जाळी घट्ट झाली, की त्या भागाची खिडकी बंद. त्यानंतर शिकता येतं, पण घोकून. आईच्या कडेवर बसून, न शिकता शिकणं संपतं. हे वाईट नाही. ही जाळी नसती तर माणूस रोज सकाळी उठून नव्यानं मराठी शिकत बसला असता.

नागपूरच्या डॉ. इंद्रायणी मेश्राम यांनी ही जाळी सैल करण्याची रीत बसवली होती. जाळी विरघळवणारं औषध सूक्ष्म कुप्यांमधून रक्तात सोडायचं, आणि कवटीच्या बाहेरून ध्वनिलहरी एका ठिकाणी एकवटून त्या कुप्या फक्त भाषेच्या भागातच फोडायच्या. चाळीस दिवस तेवढा भाग दोन वर्षांच्या मुलासारखा उघडा राहतो. एकेचाळीसाव्या दिवसापासून जाळी परत विणली जाते, आत जे काही आलं असेल त्यासकट. पक्षाघातानं वाचा गेलेल्यांसाठी ही रीत शोधली होती. मग ज्यांची वाचा शाबूत होती तेही रांगेत आले. अट एकच. एका मेंदूत एकदाच.

"एकदाच म्हणजे एकदाच का?" धर्माळ्यांनी विचारलं होतं.

"दुसऱ्यांदा जाळी नीट विणली जात नाही," डॉ. मेश्राम म्हणाल्या. "मग काय शिकाल ते राहणार नाही, आणि जे आहे तेही."

धर्माळ्यांनी सही केली.

उपचार-केंद्रानं दिलेल्या पत्रकात दोन सूचना ठळक होत्या. मातृभाषेचा संपर्क शक्यतो टाळावा. लक्ष्यभाषेचा संपर्क भरपूर ठेवावा. बत्तीस वर्षं शासकीय परिपत्रकं राबवलेल्या माणसाच्या हाती हे पत्रक पडल्यावर काय होणार ते उघड होतं. 'शक्यतो' हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ठेवला होता. त्यांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तासिका, मधे लहान सुट्टी, दुपारी मोठी. रेडिओ माळ्यावर. मराठी वर्तमानपत्र बंद. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आणि पडद्यात हेल्मी नावाची फिनिश शिक्षिका. ती यंत्रानं बनवलेली होती, पण दिसायला माणसांपेक्षा टवटवीत. काहीही चुकलं तरी हसायची.

राहिल्या कुमुदताई.

"मी चाळीस दिवस तोंड बंद ठेवू?" त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा तुम्हीच फिनलंडले जाऊन राहा बाप्पा."

"मी कुठं नाही म्हणतो? पण तिथं आर्वोची आजी आहे, तिच्याशी काय बोलू?"

"इथं बायकोशी नाही बोलायचं, तिथं विहिणीशी नाही बोलता येत. छान आहे."

शेवटी कुमुदताई चाळीस दिवसांसाठी यवतमाळला बहिणीकडे गेल्या. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावली होती. ती मराठीत असल्यामुळे धर्माळ्यांनी नियमानुसार उलटी करून ठेवली.

उपचारात तोल जाऊ शकतो, रडू येऊ शकतं, म्हणून दिवसभर सोबतीला माणूस हवं होतं. सुमरती बेठेकर आली. चाळिशीच्या आतली, मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या खालच्या एका गावची कोरकू बाई. रुग्णसेवेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली, अमरावतीत अकरा वर्षं काम केलेली.

"मराठीत एक शब्द बोलायचा नाही," धर्माळ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

"अन् मग कशात बोलू, साहेब? मले फिनीस येत नाही."

"तुमच्या भाषेत बोला काय ते. मला ते कळत नाही, म्हणजे त्रास नाही."

केंद्राच्या अर्जात एक रकाना होता. 'घरात कानावर पडणाऱ्या इतर भाषा.' धर्माळ्यांनी तिथे आयुष्यभराच्या सवयीनं, बाकदार अक्षरात, 'निरंक' असं लिहिलं होतं.

पहिला आठवडा शिस्तीत गेला. हेल्मी सफरचंद दाखवायची, मांजर दाखवायची, बर्फ दाखवायची. धर्माळे पाठोपाठ म्हणायचे. हेल्मी म्हणायची, छान. सुमरती स्वयंपाकघरात भांडी लावता लावता आपल्या आईशी फोनवर बोलायची, औषध देताना धर्माळ्यांना दटावायची, त्यांनी भाजी ठेवली की पानाकडे बोट दाखवून दोन वाक्यं सुनवायची. चालताना त्यांचा हात धरून अंगणातली एकेक वस्तू दाखवत आपल्या भाषेत बडबडायची, कारण बारा तास गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि समोरच्याला कळत नसेल तर हवं ते बोलता येतं. शेजारच्या पेंढारकरांबद्दल तिनं त्या काळात पुष्कळ काही बोलून घेतलं.

धर्माळ्यांना ते खडीवरून गाडी जावी तसं ऐकू येई. मग दुसऱ्या आठवड्यात खडीत काही दगड ओळखीचे वाटायला लागले. त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ते वेळापत्रकात नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी हेल्मी बर्फावर घसरणारा मुलगा दाखवत होती. धर्माळ्यांना तहान लागली. त्यांनी मान वळवून सुमरतीला पाणी मागितलं.

सुमरतीनं पेला टेबलावर आपटला. नियम मोडून ती मराठीत म्हणाली, "साहेब, नक्कल करून राहिले का माझी?"

"कसली नक्कल?"

"आत्ता काय बोलले तुम्ही?"

"पाणी मागितलं."

"कशात मागितलं?"

धर्माळ्यांनी आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही. तहान होती, मग मागितलं, मधे काही नव्हतं. "मराठीत," ते म्हणाले. "चूक झाली. पुन्हा नाही होणार."

"डा म्हणाले तुम्ही." सुमरतीचा आवाज बदलला होता. "नुसतं डा बी नाही. सगळं वाक्य. आमच्या घरी बारकं लेकरू मागते तसं. शेवटचा शब्दही लेकरासारखा चुकवला."

पडद्यातली हेल्मी कुणाला तरी छान म्हणाली.

मग सुमरतीनं हळूच, तिच्या भाषेत, काहीतरी विचारलं. काल फोनवर ती आईशी कशाबद्दल बोलत होती, असा तो प्रश्न होता. धर्माळ्यांनी उत्तर दिलं. आईची बकरी आजारी आहे, पाय ओढते, आणि तू म्हणालीस की तुझा भाऊ नुसता बसून राहतो, डॉक्टरकडे नेत नाही.

सुमरती खाली फरशीवरच बसली. "अय बाप्पा," ती म्हणाली. एवढं मात्र मराठीत.

धर्माळे स्वतः खुर्चीत ताठ बसले होते. आठ महिने फिनिश घोकताना प्रत्येक शब्द आधी मराठीत फिरवून मग पलीकडे ढकलावा लागायचा, जड कपाट सरकवावं तसा. इथे सरकवायला काही नव्हतंच. बकरी ही बकरी होती. ती पाय ओढत होती. त्यांनी ती पाहिल्यासारखी त्यांना माहीत होती. साडेसहा दशकांपूर्वी, कुणाच्या तरी कडेवर, मराठी त्यांच्यात अशीच आली असणार, आणि तेव्हाचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना बघायला तो स्वतः हजर नसतो. धर्माळे दुसऱ्यांदा हजर होते.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. औषधाचा परिणाम म्हणून सुमरतीनं त्याची वहीत नोंद केली.

दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरला गेले. डॉ. मेश्रामांनी मेंदूचं चित्रण केलं, सुमरतीला माइकपुढे बसवून बोलायला सांगितलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर अशा गप्प राहिल्या की माणूस मृत्युपत्राचा विचार करतो.

"काही बिघडलंय का?" धर्माळ्यांनी विचारलं.

"हे बघा." डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हेल्मीचा आवाज लावला की हा भाग असा. मिणमिणता. आणि या बाई बोलल्या की..."

पडद्यावर कुणीतरी एका घरातले सगळे दिवे लावल्यासारखं दिसत होतं.

"मी अकरा वर्षं हे काम करते, साहेब. हे चित्र मी आत्तापर्यंत फक्त दोन-अडीच वर्षांच्या मुलांमध्ये पाहिलंय. तुमची पांढरी दाढी समोर नसती तर मी म्हटलं असतं, कुणाचं तरी बाळ यंत्रात ठेवलंय."

"पण ती तर काही शिकवत नव्हती. शिकवत हेल्मी होती."

"तिथंच तर आहे. बाळं पडद्यावरून भाषा शिकत नाहीत. जो त्यांच्याकडे बघतो, ते जिकडे बघतात तिकडे बघतो, रागावतो, वाट बघतो, त्याच्याकडूनच घेतात. हेल्मी तुमच्याकडे बघत नाही. कॅमेरा बघतो. तुम्ही चुकलात तरी तिला काही होत नाही."

"मले होते," सुमरती म्हणाली. "भाजी ठेवते हे पानात."

"हे माहीत होतं तर पत्रकात का नाही घातलं?" विस्तार अधिकारी जागा झाला.

"बाळांबद्दल माहीत होतं. सदुसष्ट वर्षांच्या माणसालाही तोच नियम लागेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. आणि तुमच्या अर्जात," डॉक्टरांनी कागद उलटला, "इतर भाषा, निरंक."

धर्माळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

एकवीस दिवस उरले होते. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, एखादा जिवंत फिनिश माणूस घरात आणायचा. धर्माळ्यांनी तिथूनच सौमित्रला फोन लावला.

"बाबा, डिसेंबरच्या आधी शक्यच नाही. आयनोचंही काम अडलंय, तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हेल्मीची पुढची आवृत्ती घेऊन देऊ का? ती भुवया उंचावते."

दुसरा मार्ग, सुमरतीनं पूर्ण गप्प राहायचं आणि हेल्मीकडून मिळेल ते घ्यायचं.

"किती मिळेल?"

"दहा-बारा शब्द पक्के बसतील. कदाचित पंधरा."

"त्यात आजोबा हा शब्द असेल?"

"तो आपण पहिला घेऊ," डॉ. मेश्राम म्हणाल्या. "नाहीतर तिसरं म्हणजे, आहे ते चालू ठेवायचं. चाळीस दिवसांअखेर तुम्हाला चार वर्षांच्या मुलाइतकी कोरकू येईल. पण फिनिश मग विसरा."

एका बाजूला दहा-बारा शब्द, ज्यांनी नातवाला हाक मारता आली असती. दुसऱ्या बाजूला एक आख्खी भाषा, जी नातवाला येत नाही, मुलाला येत नाही, बायकोला येत नाही. धर्माळ्यांनी अर्थातच दहा-बारा शब्द निवडले. तसं लिहून दिलं.

परतीच्या गाडीत सुमरती आदेशानुसार गप्प बसली. तिनं तोंडाला पदर लावला होता. कोंढाळी गेलं. तळेगाव आलं. रस्त्याकडेला पळस, बाभळी, कापसाचे ढीग, सगळं नेहमीसारखं होतं आणि सगळं मुकं होतं. धर्माळ्यांनी एका झाडाकडे बोट दाखवून तिच्या भाषेत विचारलं, याला काय म्हणतात? सुमरती समोर बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज हट्टी पोरासारखा वर गेला, आणि ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं.

सुमरतीला हसू फुटलं. तिनं झाडाचं नाव सांगितलं. मग पुढच्या झाडाचं. अमरावती येईपर्यंत त्यांची एकशे तीस नावं झाली होती.

हेल्मी बंद झाली. वेळापत्रक भिंतीवर राहिलं, पण त्याच्याकडे कुणी बघेना. उरलेले दिवस दोघं सकाळपासून बोलत होते. एकदा तांदूळ निवडताना सुमरतीनं तिच्या शाळेचं सांगितलं. साहेब तपासणीला यायचे तेव्हा सगळी पोरं गप्प बसायची.

"का?"

"ते काय विचारतात तेच कळायचं नाही. मास्तर पण घाबरलेला."

धर्माळ्यांनी दोन-चार दाणे उगाच निवडले. "मी लिहायचो," ते म्हणाले. "मेळघाटातल्या प्रत्येक शाळेच्या शेरेबुकात. 'विद्यार्थी बोलत नाहीत.'"

सुमरतीनं ताट हलवलं. "बरोबर लिहिलं," ती म्हणाली. "तुमच्यासंगं नव्हते बोलत."

एकेचाळीसाव्या दिवसापासून जाळी विणायला लागली. कुमुदताई यवतमाळहून परत आल्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, "हं, बोला एखादं फिनिश वाक्य."

"येत नाही."

"चाळीस दिवस काय केलं मग?"

धर्माळ्यांनी सांगितलं. कुमुदताईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पंख्याखाली बसल्या. "म्हणजे मी चाळीस दिवस बहिणीच्या हातचं खाल्लं," त्या म्हणाल्या, "अन् इथं तुम्ही दिवसभर गप्पा मारत होते."

सौमित्र, आयनो आणि आर्वो डिसेंबरच्या चौदा तारखेला आले, दहा आठवड्यांसाठी. ओउलूत तेव्हा सूर्य दिवसाला साडेतीन तास हजेरी लावतो, म्हणून दोघांनी अमरावतीतून काम करायचं ठरवलं होतं. तीन वर्षांचा आर्वो आईच्या पायामागे लपला आणि धर्माळ्यांकडे बघून म्हणाला, "सेता."

धर्माळे तयारीत होते, तरी लागलंच. ते आत जाऊन पाणी पिऊन आले.

"कोरकू?" सौमित्र रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "बाबा, पण त्याचा उपयोग काय?"

धर्माळ्यांनी पोळी मोडली.

सौमित्र आणि आयनो सकाळी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसत, ते संध्याकाळी खाली येत. आर्वो व्हरांड्यात राही. उपचारानंतर आणखी तीन महिने देखरेख ठेवायची होती, म्हणून सुमरती होतीच. ती आणि धर्माळे दिवसभर आपसात बोलत. आर्वो बघे. कुणीही त्याला काही शिकवलं नाही. धर्माळ्यांनी शिक्षणखात्यातल्या सगळ्या पद्धती वापरून पाहिल्या होत्या, ही एक राहिली होती.

त्याला कसलं औषध लागत नव्हतं. त्याच्या डोक्यातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, वारा येत-जात होता. दुसऱ्या आठवड्यात तो पाण्याला डा म्हणाला. चौथ्या आठवड्यात त्यानं सुमरतीला दटावलं, तिच्याच आवाजात. आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी तो येऊन धर्माळ्यांच्या मांडीवर चढला, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला, कोरकूत आजोबांना जे म्हणतात ते म्हणाला, आणि विचारलं, "तुझे दात झोपताना कुठं जातात?"

धर्माळ्यांना ताबडतोब उत्तर देता आलं नाही. कवळीची अडचण नव्हती.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. तीन वर्षांचा आणि सदुसष्ट वर्षांचा, एकाच बाईकडून शिकलेले, एकाच जागी चुकणारे. मुंग्या कुठं जातात, पेंढारकर आजी ओरडतात का, चंद्र इथं पिवळा का. कोरकूत फक्त दोघांसाठी वेगळं 'आम्ही' आहे. आर्वो ते अचूक वापरायचा, म्हणजे त्यात इतर कुणाला जागा नसायची. डॉ. मेश्राम मुद्दाम नागपूरहून आल्या. त्यांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं, आणि तासाभरानं लक्षात आलं की आपण वहीत एकही ओळ लिहिलेली नाही. त्या व्हरांड्याच्या पायरीवर नुसत्या बसून होत्या. तारे बघताना माणसं बसतात, तशा.

"काय म्हणून राहिले हे दोघं?" कुमुदताई सुमरतीला विचारत.

"तुमच्याबद्दल काही नाही, बाई."

"म्हणजे माझ्याबद्दलच आहे."

एका संध्याकाळी सौमित्र खाली आला तेव्हा धर्माळे गंभीर होते. "तुझ्या मुलाला तिथल्या अंधाराची भीती वाटते," ते म्हणाले. "सकाळ होते तरी दिवस येत नाही, तेव्हा त्याला वाटतं तो आता कधी येणारच नाही."

"त्यानं कधी सांगितलं नाही," सौमित्र म्हणाला. ओउलूत अंधाराला कुणी घाबरत नाही. तिथे तो हवामानाचा भाग आहे. सौमित्र पायरीवर आपल्या वडलांशेजारी बसला. बऱ्याच वर्षांत तो असा बसला नव्हता. "बाबा, त्याला विचारा न, मी काय करू म्हणजे बरं वाटेल?"

धर्माळ्यांनी विचारलं. आर्वोनं विचार करून सविस्तर उत्तर दिलं.

"दिवा लावून ठेव म्हणतो. आणि वर जाऊन बसू नको."

फेब्रुवारीच्या शेवटी ते गेले. विमानतळावर आर्वो आजोबांच्या कडेवरून उतरेना. सुरक्षेच्या दारापाशी दोघांचं कोरकूत भांडण झालं. मागच्या रांगेतले लोक कौतुकानं बघत होते. त्यांना वाटलं, फिनिश आहे.

मार्चमध्ये फोनवर दोघं तासभर बोलत. सुमरतीचं काम संपलं होतं, तरी ती रविवारी फोनच्या वेळेला यायची. एप्रिलमध्ये आर्वो पाळणाघरात जाऊ लागला, तिथे दिवसभर फिनिश. मेमध्ये तो आजोबांचं ऐकून हसायचा आणि एका शब्दात उत्तर द्यायचा. जूनमध्ये तो शब्द आठवायला वेळ लागायला लागला. जुलैमध्ये तो पडद्याकडे बघून हात हलवायचा आणि पळायचा. धर्माळे रोज जुने विषय पुन्हा काढून पाहत होते. मुंग्यांचा, दातांचा, चंद्राचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी धर्माळे बराच वेळ बोलले. आर्वोनं ऐकून घेतलं, मग वडलांकडे वळून फिनिशमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?" धर्माळ्यांनी विचारलं.

"बाबा, तो विचारतोय, हे कुठली भाषा बोलतायत," सौमित्र म्हणाला.

धर्माळ्यांनी डॉ. मेश्रामांना लेखी कळवलं. त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं. या वयात वापरात नसलेली भाषा काही महिन्यांत पूर्णपणे जाते. आर्वोची वाढ वयाप्रमाणे व्यवस्थित चालू आहे.